बत्तिसावा आठवडा

"अभिनंदन मॅडम! जाताना बत्तीस आठवडे होतील ना?" फोनवरची मुलगी म्हणाली, आणि मी एका हातात ॲल्युमिनियमचं हाऊसिंग, म्हणजे पार्टचं बाहेरचं कवच, नि दुसऱ्या हातात मोबाईल अशी लीक टेस्टच्या मशीनपुढे उभीच राहिले. आधी वाटलं, राँग नंबर. मग तिने माझं नाव घेतलं, दीक्षा विलास ओव्हाळ, पासपोर्टवर आहे तसं अख्खं, आणि म्हणाली की मी सायली, तुमच्या कंपनीची तिकिटं काढते त्या एजन्सीतून बोलतेय. माझा फॉर्म तिच्यापुढे उघडा होता. त्यात मी गरोदर आहे असं होतं आणि पुढच्या चौकटीत बत्तीस. तर अभिनंदन, आणि एक छोटीशी अडचण. इतके दिवस भरलेल्या बाईला विमानवाले डॉक्टरांच्या पत्राशिवाय चढू देत नाहीत, आणि येताना तर चौतीस होतील. आज पाचच्या आत पत्र पाठवा मॅडम, नाहीतर सीट सुटेल, असं ती म्हणाली. आवाज इतका गोड की रागवायचीही सोय नव्हती.

आता ही चूक कशी झाली ते सांगते, कारण ती आमची कंपनी आहे त्या निघोजेच्या आसपासच होऊ शकते. आमच्या कंपनीचे मालक जर्मन. त्यांचं सगळं आठवड्यांवर चालतं. वर्षाचे बावन्न आठवडे, पहिला जानेवारीत. माल सव्विसाव्यात जाणार, ऑडिट तिसाव्यात. अकरा वर्षांत हे आमच्या इतकं अंगात मुरलंय की कँटीनच्या फळ्यावर 'गुलाबजाम - वीक २८' असं लिहिलेलं असतं, आणि आमच्या लाईनवरच्या वर्षालीला लग्न कधी विचारलं तर ती 'एकोणपन्नासाव्यात' म्हणून लाजते. नवीन मशीन जर्मनीत तयार झालंय, ते इकडे पाठवायच्या आधी तपासायला मला बत्तिसाव्या आठवड्यात जायचंय, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला. फॉर्ममध्ये वर विचारलं होतं, प्रवासाचा आठवडा. मी लिहिलं बत्तीस. खाली विचारलं होतं, प्रवासी गरोदर आहे का, असल्यास किती आठवडे. तिथेही हाताने आपसूक बत्तीसच मारलं. आज सत्ताविसावा आठवडा, आणि मला नववा चाललाय. हा नऊचा आकडा जगात तीन माणसांना माहीत होता. मला, माझ्या नवऱ्याला, म्हणजे प्रितमला, आणि डॉक्टरबाईंना.

तिथे 'नाही' का नाही मारलं, असं कुणीही विचारेल. मारणारच होते. दहा मिनिटं त्या चौकटीकडे बघत बसले होते. पण मी क्वालिटीत आहे. न मोजता आकडा भरला म्हणून मी पोरांना चारचौघांत झापलंय, अख्ख्या शिफ्टचा माल परत मोजायला लावलाय. 'मॅडम, मनाला नका हो लावून घेऊ' असं पोरं म्हणतात तेव्हा मी म्हणते, मनाला लावून घेण्यासाठीच मला पगार आहे. मग आपल्याच फॉर्मवर खोटी नोंद कशी करायची? म्हणून 'हो' मारलं, आणि ते मारल्यावर पुढचं डोकं चाललंच नाही. म्हणजे बघा, खरं लिहायच्या नादात मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं लिहून ठेवलं.

आणि ते तिथल्या तिथे सुधारता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. पण सायली म्हणाली, "म्हणजे आत्ता सातवा चालू. माझ्या वहिनीलाही सातवाच आहे. पाय सुजतात का हो तुमचे?" आणि मी म्हणाले, "संध्याकाळी. थोडेसे." ती म्हणाली, "वहिनीचेही. आणि लाथा?" मी म्हणाले, "दुपारी जेवल्यावर जास्त." काय बोलत होते मी! तिने विचारलं, ओटी भरली का, तर मी म्हणाले, येत्या रविवारी. वर हिरवी साडी घेतली म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर कान तापले होते. हाऊसिंग मशीनमध्ये लावलं, आत हवा भरली, बारा सेकंद थांबले. कुठून बारीकशी जरी हवा गळत असली तरी काट्याला कळतं. हिरवा दिवा लागला. माझ्या डोक्यावर लाईनचा बोर्ड होता, त्यावर मोठ्या लाल अक्षरांत 'वीक २७'. रोज असतो, आज बघवेना.

आमच्या घरी, म्हणजे ताथवड्यातल्या अकराव्या मजल्यावर, एक नियम आहे. पुढचं मोजायचं नाही. कितवा महिना, कुठली तारीख, कुणासारखं दिसेल, काही नाही. प्रितम रोज सकाळी चहा ठेवताना फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने एक टिंब देतो. आकडा नाही, नुसतं टिंब. आजचा दिवस गेला की पुरे. हा नियम आम्हाला कुण्या शहाण्याने सांगितला नाही, दोन वेळा तोंडावर पडून आम्हीच तो केला. पहिल्या वेळी आम्हाला कोण घाई! तीन महिने कुणाला सांगायचं नसतं असं आई म्हणाली तर मी तिलाच शिकवलं, असल्या जुनाट गोष्टी तू मानतेस, तू? सहाव्या आठवड्यात सगळीकडे पेढे वाटले. दहाव्यात डॉक्टरबाईंना पडद्यावर ठोके सापडले नाहीत. मग प्रत्येकाला कारण सापडलं. आईच्या शेजारच्या शालनबाई म्हणाल्या, त्या कंपनीच्या बसनेच केलं, तळवड्याच्या रस्त्याला किती गचके बसतात. सासूबाईंना लॅपटॉप दिसला, चुलतसासूबाईंना पपई. डॉक्टरबाई म्हणत होत्या, यातलं काहीही नाही, पुष्कळदा मुळातच काही जुळत नाही. पण त्यांचं ऐकतं कोण. मीसुद्धा पुढे सहा महिने बसमध्ये प्रत्येक स्पीडब्रेकरला दात आवळून बसायचे, पोटात काही नसताना.

दुसऱ्या वेळी, गेल्या वर्षी, मी सगळं उलट केलं. तेव्हाही असंच कंपनीच्या कामाने जर्मनीला जायचं निघालं होतं. मी पासपोर्टचं काहीतरी खोटं कारण सांगितलं, बिनपगारी रजा टाकली आणि पलंगावर आडवी झाले. खिडकीतून समोरच्या बांधकामाची क्रेन दिसायची, ती उजवीकडून डावीकडे जायची आणि परत यायची. तीन आठवडे मी ती क्रेन पाहिली. पाणी प्यायलासुद्धा प्रितम उठू द्यायचा नाही. आठव्या आठवड्यात, भर सकाळी, टीव्हीवर कुणीतरी बाई कोथिंबीरवडी करत असताना, पलंगावर आडवी असतानाच ते गेलं. ना बस, ना गचका, ना पपई. माझ्याऐवजी जर्मनीला आमच्यातला सनी गेला. येताना चॉकलेटं घेऊन आला, सगळ्यांना दोन दोन वाटली. मीही दोन खाल्ली. चांगली होती.

म्हणजे माझ्याकडे दोन नग आहेत. एक धावपळ करून गेलेला, एक झोपून गेलेला. दोन नगांवरून निष्कर्ष काढायचा नसतो हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवते. गेल्या शनिवारी चिंचवडला डॉक्टरबाईंना स्पष्ट विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, "तू जाशील तेव्हा चौथा लागलेला असेल. तोपर्यंत सगळं ठीक असलं तर प्रवासाला तो काळ बरा. विमानात अधूनमधून उठून चालायचं, पाणी प्यायचं, पट्टा पोटाखालून लावायचा, फाईल जवळच्या पिशवीत ठेवायची. विमानाने काही होत नाही." मी म्हणाले, "आणि झालं तर?" त्यांनी चष्मा काढला. "झालं तर ते विमानाने झालेलं नसेल. पण तू आयुष्यभर विमानानेच झालं म्हणशील. ते ओझं घेऊन जाणार असशील तर नको जाऊस." बाई खरं बोलतात म्हणून मी त्यांच्याकडे जाते आणि म्हणूनच दर वेळी चिडून बाहेर येते.

जेवणाच्या आधी दादासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते आमचे प्लँट हेड, मूळचे नगरकडचे, माणूस वाईट नाही पण जिभेला हाड नाही. "काय मॅडम, बत्तीस पक्कं ना? या वेळी पासपोर्टाला काही झालं नाही ना? नाहीतर सनीची बॅग भरलेलीच असते." बाजूला सनी होता, तो कसनुसा हसला. मी म्हणाले, "पक्कं आहे सर." ते म्हणाले, "बघा हां राव, मशीन तुमच्या सहीशिवाय हलत नाही. तिकडं गळणारं मशीन पास झालं तर इकडं आपण बोंबलत बसू." ते मशीन मी मागितलंय. दोन वर्षं भांडून, आकडे दाखवून, जुन्या मशीनची चूक सिद्ध करून. त्याचं पहिलं माप मी घ्यावं असं मला वाटतं, अगदी आतून वाटतं, आणि असं वाटतंय याची लाज वाटते, आणि लाज वाटतेय याचा संताप येतो. केबिनबाहेर पडले तर माझा एक हात कमरेवर होता. मागून, सातव्या महिन्यातल्या बायका ठेवतात तसा. पायही जरा फाकून पडत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मी स्वतःला रंगेहाथ पकडलं.

खरं सांगायचं तर त्या खोट्याची मला सकाळपासून चटक लागली होती. कँटीनमध्ये भाताची दुसरी मूद घेतली आणि मनात म्हणाले, दोन जिवांची आहे बाई. स्टोअरपाशी ट्रॉली ढकलत येणाऱ्याला उगाच म्हणाले, जरा सावकाश. मग बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन दार लावलं आणि फोनवर शोधलं, सत्ताविसावा आठवडा. दहाच्या पुढचं मी आजवर कधी वाचलं नव्हतं, जणू ती पानं आमच्यासाठी नव्हतीच. तिथे लिहिलं होतं, या सुमाराला बाळ डोळे उघडतं आणि मिटतं. उजेडाकडे तोंड वळवतं. आईचा आवाज ओळखतं. बाहेर कुणीतरी हात धूत होतं, नळाचा आवाज येत होता, आणि मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडले. मला ते बाळ हवं होतं. सायलीच्या फॉर्ममधलं, लाथा मारणारं, हिरव्या साडीवालं. आणि माझ्या पोटात जे खरोखर होतं, ते नऊ आठवड्यांचं, त्याच्याशी मी आजवर एक शब्दही बोलले नव्हते. त्याला मी लाईनवरच्या संशयित मालासारखं पिवळं कार्ड लावून बाजूला ठेवलं होतं. पास नाही, नापासही नाही, हात लावायचा नाही. कसली आई आहे मी, असं मनात आलं.

साडेतीनला आईचा फोन आला. रोज येतो. आई, म्हणजे भिमाबाई, पिंपरीत राहते, अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीतून रिटायर झाल्यापासून दोघं मिळून टीव्ही बघतात. जेवलीस का, बस वेळेत आली का, इतकंच बोलणं असतं. पण आज माझ्या डोक्यात सकाळपासून एक गोष्ट घोळत होती. बत्तीस आठवडे म्हणजे आठवा महिना. माझं नाव दीक्षा का, तर मी पोटात असताना, आठव्या महिन्यात, आई वस्तीतल्या बायकांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला गेली होती. दसऱ्याची गर्दी, रिझर्वेशन नाही, रात्रभर गाडीत. ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक वाढदिवसाला होते, मला ती पाठ आहे. तरी विचारलं, "आई, तू नागपूरला गेलीस तेव्हा कितवा होता गं?"

"आठवा. किती येळा सांगायचं?"

"मग बायका नेत होत्या तुला? आठव्यात?"

मग आई खुदकन हसली. "कशाला नेतील? म्या पाचवा म्हणून सांगितला."

"काय?"

"व्हय. शालनबाई म्हणली, पाचव्याच्या मानानं पोट लई दिसतंय. म्हणलं, जुळी असतील."

तेहतीस वर्षांत हा भाग कुणी सांगितला नव्हता. मी भिंतीला टेकले. "आणि खरं कधी सांगितलंस?"

"दौंड गेल्यावर. गाडी दौंडाच्या पुढं गेली की कोण उतरवतंय? लई शिव्या घातल्या शालनबाईनं. अवदसा म्हणली, बया म्हणली. मग तिनंच मांडी दिली टेकायला, पार नागपूरपातुर. तिची मांडी बधीर झाली पर हलली न्हाई."

"भीती नाही वाटली तुला?"

"न वाटायला काय झालं! दौंडापातुर तर नुसती मरत हुते. गाडीनं हिसका दिला का पोटाला हात लावून बघायची, हाय का म्हणून. बोलायची सोय न्हाई, पाचव्यात एवढं काय घाबरायचं म्हणतील. सांगितल्यावर बरं वाटलं. मग माझ्यासंगं शालनबाई बी हात लावून बघायची." मग मेथीची जुडी कशी दिली असं विचारावं तितक्या सहज तिने विचारलं, "का गं, कितवा हाय?"

मी म्हणाले, "नऊ."

"नववा?" आई किंचाळलीच. मागून अण्णा म्हणाले, काय झालं गं?

"नऊ आठवडे गं आई!"

"ते आठवडे-बिठवडे तुझ्या जर्मन लोकांना सांग. मला महिना सांग."

"तिसरा लागलाय."

टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. "बरं," आई म्हणाली. "कुणाला बोलू नगंस." मी म्हणाले, "तूच तर विचारलंस." ती म्हणाली, "म्या कुठं काय विचारलं? मला काय म्हाईत न्हाई." मग मी तिला सगळं सांगून टाकलं. जर्मनी, फॉर्म, बत्तीस, सायली, लाथा, हिरवी साडीसुद्धा. साडीला ती हसली नाही. डॉक्टरीण काय म्हणती, असं विचारलं, ते सांगितलं. "आई, जाऊ का मी?"

"ते मला विचारू नगं," ती म्हणाली. "जा म्हणलं आन काय झालं तर मला सोसायचं न्हाई. नगं म्हणलं तर तू मागल्यावानी पलंगावर पडशील, ते बी मला बघवलं न्हाई. पर एक सांगते. खोटं सांगून जाऊ नगंस. मला दौंडाच्या पुढं शालनबाई हुती. तुला त्या इमानात कोण हाय?"

पाचला दहा कमी होते. पाचला बस सुटते. शेडबाहेर आमच्या रूटची बस लागलेली होती, तळवडे, निगडी, रावेत, ताथवडे. लोक चढत होते, वर्षालीने मला खिडकी धरून ठेवल्याची खूण केली. मी गुलमोहराखाली उभी राहून सायलीला फोन लावला. "फॉर्ममध्ये चूक आहे," मी म्हणाले. "खालचं बत्तीस चुकीचं. तो प्रवासाचा आठवडा. कॅलेंडरचा."

"म्हणजे मॅडम... तुम्ही प्रेग्नंट नाही?"

"आहे. नऊ आठवडे."

"पण मग ते पाय सुजणं, लाथा..."

"खोटं बोलले. सॉरी. तू अभिनंदन म्हणालीस ना, मग मला पुढे थांबताच आलं नाही. याआधी दोनदा माझं..." अनोळखी पोरीपुढे काय काय ओकायचं.

"अगं बाई," सायली हळूच म्हणाली. मॅडम म्हणायचं विसरली. तिने पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर आभारी राहीन. नुसता कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "पत्र लागणार नाही मग. मी दुरुस्त करते. पण इथे नऊ नाही चालणार हां."

"का? नऊच आहेत."

"सिस्टीमला आजचा आकडा नकोय. प्रवासाच्या दिवशी किती असतील तो हवाय. पाच आठवड्यांनी जाताय ना? म्हणजे चौदा. चौदा लिहू?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. चौदा. दहाच्याही पुढचा आकडा. तिथे आम्ही कधी पोचलोच नाही. तो आमच्या घरात उच्चारायचा नाही. प्रितम आज सकाळी टिंब देताना नेहमीसारखा माझ्याकडे न बघता उभा होता, पाठमोरा. त्याला वाटतं मला दिसत नाही, पण तो टिंब दिल्यावर पुढच्या कोऱ्या चौकटींवरून एकदा बोट फिरवतो. कुठपर्यंत मोजतो कोण जाणे. मी मोबाईल खांद्याने कानाशी दाबला आणि मोकळा झालेला हात पोटावर ठेवला. पोट कुठलं, नेहमीचंच, दोन मुदी भात खाल्लेलं. हाय का, असं मी आत विचारलं. पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. नवव्या आठवड्यात कुणी लाथ मारून उत्तर देत नाही, तेवढं मला कळतं.

"मॅडम, आहात ना?"

"आहे."

"मग लिहू ना?"

"लिही, चौदा," मी म्हणाले, आणि तिने विचारायच्या आत पुढचंही सांगून टाकलं, "परतीला सोळा."